नव्या मुंबईची खानेसुमारी

ज्या व्यापाऱ्यानें पंधरा वर्षांत आपल्या वखारींतील मालाची एकदांही मोजदाद केली नाहीं, खतावणीवरून बाकी काढली नाहीं, आणि तरीही दर दिवाळीस वहीपूजन मात्र थाटानें केलें, त्यास बाजारांत कोणी उधार माल देईल काय ? तुर्भें-वाशीच्या बाजारांतील आमचे व्यापारी मित्र या प्रश्नाचें उत्तर आमच्याकडून ऐकण्याची वाट पाहणार नाहींत. परंतु जो व्यवहार एका दुकानाच्या बाबतींत आपण शुद्ध वेडगळपणाचा ठरवूं, तोच व्यवहार लाखों माणसांच्या एका शहराच्या बाबतींत बिनदिक्कत चालला आहे, आणि त्याबद्दल फारसें कोणास कांहीं वाटतही नाहीं, ही आश्चर्याची व खेदाची गोष्ट आहे. नव्या मुंबईंत आज माणसें किती, तीं कोठून आलीं, काय खातात, काय मिळवितात, कोणाच्या देण्यांत आहेत, याचा खरा हिशोब आज कोणापाशींही नाहीं. जो आहे तो २०११ सालचा आहे.

१८८१ पासून या देशांत दर दहा वर्षांनीं शिरगणती होत आली. १९४१ सालीं महायुद्ध ऐन भरांत असतांनाही ती सर्वस्वीं टळली नव्हती. ती २०२१ सालीं प्रथमच चुकली. आरंभीं महामारीचें कारण होतें व तें खरेंही होतें. पण महामारी सरली तरी वर्षांमागून वर्षें गेलीं. अखेर १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनें सरकारनें १ मार्च २०२७ ही गणनेची तारीख ठरविली. म्हणजे दोन गणनांमध्यें दहाऐवजीं सोळा वर्षांचें अंतर पडणार. पंढरपुराजवळच्या एखाद्या स्थिर खेड्यास हें अंतर कदाचित् सोसवेल. पण ज्या शहराचा जन्मच मुळीं कालपरवांचा, त्याची सोळा वर्षें म्हणजे जवळजवळ एक पिढी होय.

प्रथम जे आंकडे हातीं आहेत ते काय सांगतात तें पाहूं. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दींत २००१ सालीं सुमारें ७ लाख ४ हजार माणसें होतीं. २०११ सालीं तीं ११ लाख २० हजारांच्या घरांत गेलीं. दहा वर्षांत शेंकडा ५९ ची ही वाढ पाळण्यांतून झालेली नाहीं, ती गाडींतून उतरलेली आहे. याचा पुरावा दुसऱ्या एका आंकड्यांत सांपडतो. त्या गणनेंत येथें दर हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें ८३० भरल्या. सबंध महाराष्ट्रांत हें प्रमाण ९२९ होतें, सातारा जिल्ह्यांत ९८८ आणि रत्नागिरींत तर ११२२. हे चार आंकडे एका ओळींत मांडले म्हणजे ज्याला डोळे आहेत त्याला बरेंच कांहीं दिसेल. जी स्त्री नव्या मुंबईच्या यादींत उणी पडली, तिच्यापैकीं पुष्कळजणी रत्नागिरीच्या व साताऱ्याच्या यादींत जास्त भरल्या आहेत. नवरा कोपरखैरण्यास चौघांच्या खोलींत राहतो, बायको गांवीं म्हाताऱ्यांस व गुरांस सांभाळते, आणि एका कुटुंबाचे दोन तुकडे सरकारच्या दोन वेगवेगळ्या कोष्टकांत जाऊन बसतात. त्याच दशकांत ठाणें जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला व देशांतील सर्वांत अधिक वस्तीचा जिल्हा ठरला. आणि रत्नागिरीची लोकसंख्या सुमारें १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. कोंकणाची एक बाजू रिती होते तेव्हांच दुसरी भरते, एवढी गोष्ट तरी या जुन्या आंकड्यांवरून निर्विवाद सिद्ध होते.

परंतु आमची तक्रार केवळ आंकडे जुने असल्याची नाहीं. ते आंकडे ज्या रीतीनें मांडले जातात तीच रीत या शहरास गैरसोयीची आहे. नवी मुंबई म्हणून जो प्रदेश सिडकोकडे सोंपविला गेला, तो ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांचा, सुमारें ३४४ चौरस किलोमीटरांचा. त्याचा एक भाग ठाणें जिल्ह्यांत, दुसरा रायगड जिल्ह्यांत. एका बाजूस १९९२ पासून काम पाहणारी नवी मुंबई महापालिका, दुसऱ्या बाजूस २०१६ सालीं झालेली पनवेल महापालिका. उरणकडे पुन्हां नगरपालिका व ग्रामपंचायती. जिल्हावार कोष्टकें काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनें या शहरास एक शरीरच नाहीं. ठाण्याच्या सरासरींत भिवंडीचा यंत्रमाग-कामगार व वाशीचा सदनिकाधारक एकत्र मिसळतात. रायगडच्या सरासरींत खारघरचा पगारदार व पोलादपूरचा डोंगरकरी एकाच मापानें मोजले जातात. या दोन्ही मिश्रणांवरून नव्या मुंबईचा राहणारा कसा आहे हें ओळखूं पाहणें म्हणजे दोन पिशव्यांतील धान्य एकत्र करून तिसऱ्या पिशवीचा भाव ठरविण्यासारखें आहे.

सरासरी हें मोठें साळसूद साधन आहे. ती खोटें बोलत नाहीं, पण खरेंही सांगत नाहीं. समजा, एका गल्लींत दहा कुटुंबें आहेत. त्यांतील एकाची महिन्याची मिळकत तीन लाख रुपये व बाकीच्या नवांची प्रत्येकीं पंधरा हजार. त्या गल्लीची सरासरी मिळकत साडेत्रेचाळीस हजार होते. ही रक्कम त्या गल्लींत कोणाच्याच घरीं येत नाहीं. परंतु अहवालांत मात्र तीच छापली जाते, आणि तिच्या आधारें ही गल्ली सुखवस्तु ठरून तेथील शाळेचें, दवाखान्याचें व शिधापत्रिकेचें भवितव्य निश्चित होतें. नव्या मुंबईच्या श्रीमंतीचा जो बोलबाला आहे, तो बव्हंशीं याच जातीचा आहे.

या शहरांत एक वस्ती नाहीं, निदान पांच वस्त्या एकमेकींशेजारीं नांदत आहेत; आणि त्या पांचांची स्थिति निरनिराळी तपासल्याशिवाय कोणतेंही अनुमान निरर्थक होय.

पहिली वस्ती मूळ मालकांची. आगरी, कोळी, कराडी, कुणबी हे खाडीकांठचे लोक. त्यांचीं खाजणें, मिठागरें, भातशेतें व मासळी. डोंगराच्या उतारावर कातकरी व ठाकर. १९६५ सालीं चार्लस कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं खाडीपलीकडे जुळें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना झाली व जमिनी घेतल्या जाऊं लागल्या. मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्यांत जानेवारी १९८४ मध्यें जासई-नवघर भागांत गोळीबार होऊन पांच शेतकऱ्यांस प्राण गमवावे लागले. त्या बलिदानांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व उभें राहिलें व पुढें इतरत्रही तें उदाहरण म्हणून सांगण्यांत येऊं लागलें. हा इतिहास सर्वांच्या तोंडीं आहे. पण त्याचा पुढचा अध्याय कोणीं लिहिला आहे काय ? एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. कपाती न धरतां साडेबारा टक्क्यांनीं पांच गुंठे झाले. चार भावांत वांटणी झाली कीं वांट्यास सव्वा गुंठा येतो; आणि भावांच्या मुलांत ती पुन्हां वांटली कीं जमिनीऐवजीं तंटाच वांट्यास येतो. कोणी तो भूखंड विकसकास देऊन इमारतींत वाटा मिळविला व तो आज भाड्यावर सुखानें जगतो. कोणी तो वेळेपूर्वीं स्वस्तांत विकून लग्नाकार्यांत घालविला. गांवठाणांत कुटुंब वाढलें म्हणून गरजेपोटीं बांधलेलीं घरें कायद्याच्या व बेकायद्याच्या मध्यें वर्षानुवर्षें लोंबकळत आहेत. या मूळ रहिवाशांपैकीं शेंकडा किती घरभाड्यावर जगतात, कितींस नोकरी लागली, कितींच्या हातीं होडी उरली, याचा एकत्रित व ताजा हिशोब लोकांपुढें कोणीं ठेवला असल्यास आम्हीं तो पाहण्यास उत्सुक आहों.

दुसरी वस्ती बाजाराची. १९८१ सालीं कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईंतून खाडीपलीकडे आला. पुढें १९९६ पर्यंत मसाला, धान्य, फळें व भाजी यांचेही बाजार आले. त्या बाजारांबरोबर पाठीवर ओझें वाहणारा माथाडी आला. बहुतेक सातारा व पुणें जिल्ह्यांच्या डोंगरी भागांतील हा मराठा, धनगर, कुणबी तरुण. अण्णासाहेब पाटील यांच्या प्रयत्नांनीं १९६९ सालीं जो माथाडी कायदा झाला, त्यानें या कष्टकऱ्यास नोंदणी, मजुरी व निर्वाहनिधि यांची हमी दिली. असंघटित मजुरासाठीं झालेल्या कायद्यांत त्याचें स्थान फार मानाचें आहे. परंतु बाजाराचें रूप बदलत आहे. माल थेट मोठ्या दुकानदारांकडे जातो, यंत्रें पोतीं उचलतात, आणि कायद्याच्या पुस्तकाबाहेरचा बदली मजूर रोज पहांटे फाटकापाशीं उभा राहतो. नोंदलेला माथाडी व न नोंदलेला हमाल यांचें प्रमाण आज काय आहे, हा प्रश्न आमच्या व्यापारी वाचकांनींच स्वतःस विचारावा, कारण त्याचें उत्तर त्यांच्याच गाळ्यापुढें उभें आहे.

तिसरी वस्ती कारखान्यांची. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा रसायनांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले, तेव्हां कायम कामगाराच्या एका पगारावर घर चालत असे. त्यांतले पुष्कळ आतां बंद पडले वा आटोपले, आणि ऐरोली, महापे, घणसोली या पट्ट्यांत कांचेच्या इमारतींतून संगणकाचा व्यवसाय चालतो. त्या इमारतींत लठ्ठ पगाराचा अभियंता बसतो हें खरें. पण त्याच इमारतीच्या दारावरचा पहारेकरी, सफाईची बाई, जेवण आणून देणारा पोऱ्या व रात्रपाळीचा गाडीवान हे बहुधा ठेकेदाराच्या मस्टरावर असतात. इमारत एक, पण मिळकतीच्या पायऱ्या कितीतरी.

चौथी वस्ती सदनिकांतील पांढरपेशांची. १९९२ च्या मे महिन्यांत मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली आणि मुंबईच्या दोन खोल्यांत गुदमरलेल्या कारकुनानें, शिक्षकानें, बँकेंतल्या नोकरानें इकडे धांव घेतली. मराठी, तमिळ, मल्याळी, पंजाबी, गुजराथी, बंगाली असें हें मिश्रण हिंदुस्थानच्या नकाशासारखें आहे. शहराच्या जाहिरातींत दिसतो तो हाच रहिवासी. परंतु त्याचीही स्थिति आपण समजतों तितकी निश्चिंत नाहीं. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांच्या शाळेची फी व म्हाताऱ्या आईबापांचें औषधपाणी या तीन चिमट्यांत तो सांपडलेला आहे. आणि जे १९९० च्या सुमारास तरुण म्हणून येथें आले ते आतां निवृत्त झाले आहेत. तरुणांसाठीं आंखलेल्या या शहरांत म्हातारपण येऊन ठेपलें आहे, आणि त्याची तयारी करावयाची तर म्हातारे किती व कोठें, हें आधीं कळलें पाहिजे.

पांचवी वस्ती नकाशांत नाहीं. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत डोंगराच्या उतारावर व कारखान्यांच्या कुंपणालगत ती पसरली आहे. दगडखाणींत फोडणी करावयास आलेले, इमारतींवर गवंड्याच्या हाताखालीं राबणारे, नाक्यावर सकाळीं उभे राहून दिवसाचा रोज ठरविणारे, भांडीं घांसणाऱ्या व स्वयंपाक करणाऱ्या बाया. शहराच्या पहिल्या इमारतीची पहिली वीट ज्यांनीं उचलली, त्यांचें नांव शहराच्या खातेवहींत नाहीं.

सिडकोनें २०१० सालीं कुटुंबांची सामाजिक व आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली, हें त्या संस्थेच्या श्रेयाचें आहे, व तें आम्ही देतों. पण ती पाहणी नांवाप्रमाणेंच नियोजित नोडांतील घरांची होती. ज्यांनीं शहर आंखलें त्यांनीं आंखलेल्या चौकटीच्या आंतलें पाहिलें. गांवठाण व झोंपडी हीं त्या चौकटीबाहेर राहिलीं. म्हणजे पांच वस्त्यांपैकीं जिची माहिती मिळविणें सर्वांत सोपें तिचीच माहिती मिळाली, आणि जिला माहितीची सर्वांत अधिक गरज तीच वगळली गेली.

आतां कोणी विचारील कीं, मोजदाद झाली नाहीं म्हणून कोणाचें काय अडलें ? अडलें तें असें. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें स्वस्त धान्याचा हक्क किती लोकांस द्यावयाचा याची मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवर बांधली गेली. सबंध महाराष्ट्रास ती सुमारें ७ कोटी माणसांची. त्यानंतर माणसें वाढलीं, मर्यादा वाढली नाहीं. तेव्हां जी विधवा २०१८ सालीं लेंकरें घेऊन तुर्भ्यास आली, तिचें दारिद्र्य कितीही खरें असलें तरी कोट्यांत जागा होईपर्यंत तिला वाट पाहिली पाहिजे. तिच्या चुलींत लांकूड नाहीं याचें कारण तिचें दैव नव्हे, तर तिच्या मागें पडलेलें एक कोष्टक आहे. महापालिकेच्या सभासदांची मुदत २०२० च्या मे महिन्यांत संपली, निवडणुकीस २०२६ चा जानेवारी उजाडला, आणि तेव्हांही प्रभाग पाडले गेले ते २०११ च्याच शिरगणतीवर. मधल्या काळांत जेथें मनोरे उभे राहिले तेथील मताचें वजन घटलें. पाणी, शाळा, प्रसूतिगृहें, स्त्रियांसाठीं शौचगृहें, बसगाड्या या सर्वांचा अंदाज याच शिळ्या आधारावर.

आणि पुढें येणारें वादळ तर याहून मोठें आहे. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें बंदर सुरू झालें. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीहून येणारा सुमारें २२ किलोमीटरांचा सागरी पूल खुला झाला; त्याच महिन्यांत उरणपर्यंत लोकल पोंचली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन होऊन डिसेंबरांत विमानें उडूं लागलीं. पनवेल-उरणच्या जमिनीस आज जो भाव आला आहे तो पाहून जुन्या माणसांचे डोळे फिरतात. या सर्व उलाढालींत रोजगार कोणास मिळाला व घरभाड्याच्या वाढीनें कोण हुसकला गेला, हें सांगावयाचें तर उलाढालीपूर्वींची स्थिति नोंदलेली असावयास हवी होती. ती नोंद नाहीं. निदान आजची तरी नोंद करून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनीं येणाऱ्या पिढीस आपणांस बोल लावतां येणार नाहीं.

अशी पाहणी करणें हें कांहीं अद्भुत कार्य नव्हे. खानेसुमारी हा शब्दच आपल्याकडे पेशवाईच्या दप्तरांतून आला आहे. मुंबई शहराची पद्धतशीर गणना १८६४ सालीं झाली व तींत ८ लाख १६ हजार ५६२ माणसें भरलीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे मुख्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळें सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ सालीं ती छापली, तेव्हां बहुसंख्य कुटुंबांचा संसार केवळ शेतीवर भागत नाहीं, हें सत्य प्रथमच आंकड्यांनिशीं बाहेर आलें. तेंच पिंपळें सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या सदनिकांखालीं गेलें आहे. पण तेथील जुना संसार कसा होता हें कागदावर उरलें. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत धनंजयराव गाडगीळ यांनीं सबंध पुणें शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी करून दाखविली. विलायतेंत चार्लस बूथ यानें लंडनची व राऊंट्री यानें यॉर्कची पाहणी केली, आणि त्या पाहण्यांनीं दारिद्र्य हा आळसाचा परिणाम होय, हा सुखवस्तूंचा आवडता समज पार ढासळून टाकला. अमेरिकेंत २००५ पासून दरसाल लाखों घरांकडे प्रश्नावली जाते, आणि तीन हजारांहून अधिक परगण्यांपैकीं प्रत्येकांत राहणाऱ्यांचें वय, भाषा, धंदा, मिळकत, घरभाडें, कामावर जाण्यास लागणारा वेळ हें सर्व लहानांत लहान परगण्यासही पाहतां येतें. आपल्यास तर दूर जावयासही नको. खाडी ओलांडली कीं देवनारास १९५६ पासून लोकसंख्याशास्त्राची अखिल देशास शिकविणारी संस्था आहे. दिवा शेजारीं आणि आपण अंधारांत, अशी ही गत आहे.

आक्षेप पुष्कळ निघतील. पहिला असा कीं, शिरगणती होणारच आहे, मग वेगळा खटाटोप कशाला ? उत्तर सोपें आहे. शिरगणती माणसें मोजते, घर व घरांतील सोयी विचारते, आतां जातही विचारणार आहे. पण ती मिळकत विचारीत नाहीं, कर्ज विचारीत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, मिळकत विचारली तर लोक खरें सांगणार नाहींत. हें अंशतः खरें आहे. म्हणून शहाणा पाहणीकार मिळकत एकदम विचारीतच नाहीं. महिन्याला तांदूळ किती, तेल किती, भाडें किती, फी किती, औषधास किती, हें विचारतो. खर्चाचा हिशोब घरच्या बाईच्या जिभेवर असतो, आणि त्यावरून मिळकतीचा अंदाज काढणें शास्त्रास कठीण नाहीं.

तिसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो आम्ही सर्वांत गंभीर समजतों. गांवठाणांतला माणूस म्हणेल कीं आज मोजणीदार येईल, उद्यां त्याच कागदावरून घर पाडणारा येईल. झोंपडीवाला हेंच म्हणेल. व्यापारी म्हणेल कीं कराचा अधिकारी येईल. ही भीती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. १९४८ च्या जनगणना कायद्यानें गणनेंत दिलेली माहिती कोणास पाहूं देऊं नये व पुरावा म्हणून वापरूं नये असें बंधन घातलें आहे. महापालिकेच्या पाहणीसही तसेंच बंधन ठरावानें व जाहीरपणें घातलें पाहिजे. नांवें वेगळीं ठेवून केवळ बेरजा प्रसिद्ध केल्या पाहिजेत. हें आश्वासन दिल्यावांचून एकाही दारावर थाप मारूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. विश्वास नसेल तेथें आंकडा मिळेल, सत्य मिळणार नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या पुष्कळ वाचकांस किरकोळ वाटेल पण आम्हांस मूळ वाटते. मोजणीदार दारांत येतो तेव्हां उत्तर देण्यास पुरुष पुढें होतो. बाई काय करते असें विचारतांच तो म्हणतो, ‘‘कांहीं नाहीं, घरींच असते.’’ ही ‘‘कांहीं नाहीं’’ करणारी बाई पहांटे चारास उठून दहा डबे भरते, किंवा दिवाळ्याची कोळीण असली तर मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गांठते, किंवा पांच घरचीं भांडीं घांसते. २००८ सालीं घरकामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा झाला. परंतु नवराच जिला कामगार म्हणावयास तयार नाहीं, तिची नोंद मंडळ कोठून करणार? ज्या शहरांत शेंकडा नव्वदांच्या घरांत साक्षरता आहे, त्या शहरानें स्त्रीच्या कामाचा हिशोब स्त्रीच्याच तोंडून घेण्याइतकी तरी सभ्यता दाखवावी. म्हणून पाहणीस जाणाऱ्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, आणि स्त्रियांचीं उत्तरें स्वतंत्र घ्यावींत.

तेव्हां आमची सूचना थोडक्यांत अशी. नवी मुंबई व पनवेल या दोन्ही महापालिकांनीं सिडकोच्या साहाय्यानें एकत्र पाहणी हातीं घ्यावी. नोड, गांवठाण, माथाडी वसाहत व झोंपडपट्टी यांचे आंकडे निरनिराळे ठेवावे, त्यांची खिचडी करूं नये. स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस व बचत गटांतील स्त्रियांस शिकवून हें काम द्यावें. त्यांत पैशाचीही बचत आहे व शिक्षणही आहे. दर पांच वर्षांनीं ती पुन्हां करावी. आणि निकाल शुद्ध व सोप्या मराठींत, प्रत्येक प्रभागाच्या कचेरींत व वाचनालयांत, मागेल त्यास पाहतां येईल असा ठेवावा. जो अहवाल कपाटांत कुलुपबंद राहतो तो न केलेल्या अहवालापेक्षां चांगला नव्हे. त्यावर खर्च तेवढा झालेला असतो.

खर्चाचें रडगाणें आम्ही मनावर घेत नाहीं. चौकांतील कारंजीं व स्वागताच्या कमानी यांवर ज्यांस खर्च करतां येतो, त्यांस आपल्या रहिवाशांची ओळख करून घेण्यास चार पैसे कमी पडतात, असें कोणी म्हणूं नये. व्यापाऱ्यांसही आम्ही त्यांच्याच भाषेंत सांगूं. गिऱ्हाईक कोण, त्याची ऐपत काय, तो उद्यां येथें राहणार कीं उठून जाणार, हें न जाणतां माल भरणारा बुडतो. तुमच्या बाजाराचें भवितव्य याच अकरा लाखांच्या, आणि आतां त्याहून कितीतरी अधिक झालेल्या, माणसांच्या ऐपतीवर अवलंबून आहे. तेव्हां तुमच्या संघांनीं या पाहणीची मागणी सर्वांच्या आधीं करावयास हवी.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. ज्या भूमीनें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं आपला कारभार आपण पाहण्याचा पाठ गिरविला, तिनें आपली माणसें मोजण्यासाठीं दिल्लीच्या तारखेची वाट पाहत बसावें, हें तिच्या परंपरेस शोभत नाहीं. २०११ सालीं जें मूल आईच्या कडेवर मोजलें गेलें, तें २०२७ च्या गणनेच्या वेळीं मिसरूड फुटलेलें असेल. कदाचित् कामालाही लागलेलें असेल. मधल्या सोळा वर्षांत त्यास शाळा मिळाली कीं नाहीं, पोटभर मिळालें कीं नाहीं, हें विचारावयास त्याच्या दारीं कोणी गेलें नाहीं. त्याच्या धाकट्या भावंडांच्या बाबतींत तरी असें होऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.